एमएससाठीचं ‘इन्फेक्शन प्रोफाइल’: पैसे भरण्याआधी हे वाचा

नाशिकरोडला माझं मेडिकल आहे आणि माझ्या धाकट्या भावाला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उठते. हा रिव्ह्यू एका रक्ततपासणी पॅकेजचा. ‘एमएसचं मूळ कारण शोधा’ अशी त्याची जाहिरात पेशंटच्या घरच्यांना व्हॉट्सॲपवर येते. लॅबचं नाव मी देत नाही. मला बोलायचंय ते पॅकेजबद्दल, आणि तसलं पॅकेज उद्या तुम्हाला दुसऱ्याच नावानं कुणी विकेल.

पॅकेजमध्ये काय आहे ते आधी सांगते. ईबीव्ही, म्हणजे लाळेतून पसरणारा एप्स्टीन-बार व्हायरस, याच्या तीन अँटिबॉडी: व्हीसीए आयजीएम, व्हीसीए आयजीजी आणि ईबीएनए आयजीजी. शिवाय एचएचव्ही-६ हा हर्पीसच्या कुळातला व्हायरस, क्लॅमिडिया न्यूमोनिए हा श्वसनमार्गातला जंतू, गोवर, आणि शेवटी तज्ज्ञांचा फोनवर ‘मोफत’ सल्ला. किंमत पाच हजारांच्या आसपास. भावाला त्याच्या ऑफिसमधल्या कुणीतरी ती जाहिरात पाठवली आणि ती आईच्या वाचनात आली. निदान झाल्यापासून आईच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘पण झालं कशामुळे?’ त्या प्रश्नापायी आम्ही पैसे भरले.

रक्त घ्यायला घरी येण्याची सोय उत्तम आहे, ते आधी मान्य करते. ज्यांच्या घरी एमएस आहे त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. भावाला उन्हात थोडं चाललं तरी डाव्या डोळ्यापुढे धूसर होतं, पाय जड पडतात. नाशिकच्या मे महिन्यात त्याला लॅबच्या रांगेत उभं करणं म्हणजे त्याचा अख्खा दिवस घालवणं. सकाळी सातला मुलगा दारात हजर होता. भावाच्या शिरा सलाइननी खराब झाल्यात, पटकन सापडत नाहीत. या मुलानं घाई केली नाही. दोन्ही हात बघितले, गरम पाण्याचा टॉवेल मागून घेतला आणि एका टोचण्यात काम केलं. नळ्यांवर नाव, वय, वेळ आमच्यासमोर लिहिली, भावाला वाचून दाखवली आणि नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या. ‘दादा, पाच मिनिटं कापूस दाबून ठेवा, हात दुमडू नका,’ इतकं सांगायलाही तो विसरला नाही. या कामाला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

रिपोर्ट ठरल्या दिवशी आला. आकड्यांबद्दल मला शंका नाही. व्हीसीए आयजीएम निगेटिव्ह, व्हीसीए आयजीजी पॉझिटिव्ह, ईबीएनए आयजीजी चांगलाच वर. ज्याला लॅबची भाषा कळते तो एका ओळीत सांगेल: पूर्वी कधीतरी ईबीव्ही होऊन गेला आहे, आता ताजी लागण नाही. बस. पण रिपोर्टवर त्या दोन ओळी लाल ठळक अक्षरांत होत्या आणि खाली शेरा होता, ‘एमएसचं संभाव्य कारण आढळलं. आमच्या तज्ज्ञांशी बोला.’

आईनं चष्मा लावून तो शेरा दोनदा वाचला. मग मला म्हणाली, ‘तो लहान असताना मी भाकरी चावून भरवायचे गं त्याला. त्यातनं गेलं असेल का?’

माझी तक्रार आहे ती या शेऱ्याबद्दल, आणि म्हणून जरा सविस्तर लिहिते. ईबीव्ही आणि एमएसच्या नात्याच्या ज्या संशोधनाच्या जिवावर हे पॅकेज विकलं जातं ते संशोधन खोटं नाही. उलट, आमच्यासारख्या घरांसाठी गेल्या कित्येक वर्षांतली ती सगळ्यात मोठी बातमी आहे. फक्त त्या संशोधनातून जे निघतं ते, आणि या रिपोर्टात जे लिहिलंय ते, यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही.

संसर्गाचा संशय जुना आहे. फ्रेंच न्यूरोलॉजिस्ट शार्कोनं पॅरिसमध्ये १८६८ साली या आजाराचं नीट वर्णन केलं आणि त्याचाच शिष्य पिएर मारी १८८४ मध्ये म्हणू लागला की हा कुठल्यातरी संसर्गातून येत असावा. त्यानंतर किती जंतू आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून सुटले त्याला गणती नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटिश सैन्यानं उत्तर अटलांटिकमधली फॅरो बेटं ताब्यात घेतली. तिथल्या स्थानिकांत त्याआधी एमएस दिसत नव्हता, १९४३ नंतर तो लाटांनी दिसू लागला, आणि सैनिकांनी काहीतरी आणलं असा निष्कर्ष अमेरिकी न्यूरोलॉजिस्ट जॉन कुर्ट्झके यांनी काढला. पेशंटच्या फाइलवर अपंगत्व मोजणारा जो ईडीएसएस स्कोअर लिहितात तो याच कुर्ट्झकेंचा, १९८३ चा. भावाच्या प्रत्येक व्हिजिटला तो आकडा बघते म्हणून मला त्यांचं नाव जवळचं वाटतं. पण फॅरोचा दावा सगळ्यांना पटला नाही. बेटं छोटी, पेशंट मोजके, आणि आधी निदान करणारं कुणी नसेल तर आजार नव्हता असं कसं म्हणायचं, असा आक्षेप आला आणि तो रास्त आहे.

ईबीव्हीची गोष्ट वेगळी ठरली ती अमेरिकी सैन्यातल्या उरलेल्या रक्तामुळे. तिथे भरतीच्या वेळी आणि नंतर साधारण दर दोन वर्षांनी एचआयव्हीसाठी रक्त तपासतात आणि उरलेलं सिरम गोठवून ठेवतात. हार्वर्डच्या अल्बेर्तो अस्केरियो आणि शेटिल ब्योर्नेविक यांच्या गटानं १९९३ ते २०१३ या काळात सेवेत असलेल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी धुंडाळल्या. त्यात ९५५ जणांना सेवेत असताना एमएस झालेला निघाला. ८०१ जणांचे आजारापूर्वीचे नमुने अभ्यासाला पुरेसे होते. लक्षणं सुरू होण्याआधीच्या शेवटच्या नमुन्यात या ८०१ पैकी फक्त एका माणसाच्या रक्तात ईबीव्हीची खूण नव्हती.

एवढ्यावरही कुणी म्हणेल की ईबीव्ही तर सगळ्यांनाच असतो. म्हणून त्यांनी अशी माणसं वेगळी काढली जी भरतीच्या वेळी निगेटिव्ह होती. पुढे एमएस झालेल्यांत असे ३५ जण होते. त्यातल्या ३४ जणांना आधी ईबीव्हीची लागण झाली, मग एमएस. धोका ३२ पट वाढलेला. याच नमुन्यांत सायटोमेगॅलोव्हायरस तपासला, तोही लाळेतून पसरतो, पण त्यानं एमएसचा धोका वाढलेला दिसला नाही. मला सगळ्यात पटलेला पुरावा न्यूरोफिलामेंट लाइटचा. चेतापेशींना इजा झाली की हे प्रथिन रक्तात वाढतं. एमएस होणाऱ्यांच्या रक्तात ते ईबीव्हीच्या लागणीनंतरच वाढू लागलं, आधी नाही. आणि लक्षणं दिसण्याच्या आधीपासून. म्हणजे व्हायरस आधी, इजा नंतर, आजार त्याच्याही नंतर, हा क्रम लागला. जानेवारी २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं. त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या विल्यम रॉबिन्सन यांच्या गटानं दाखवलं की ईबीव्हीच्या ईबीएनए-१ या प्रथिनाचा एक तुकडा आपल्या मेंदूतल्या ग्लायलकॅम नावाच्या प्रथिनाशी इतका मिळताजुळता आहे की काही पेशंटच्या अँटिबॉडी दोघांनाही पकडतात. शत्रू समजून घरच्यालाच धरावं, तसं.

आता आमच्या पॅकेजकडे येते. हार्वर्डचा अभ्यास शेकडो लोकांच्या रक्तात, वर्षानुवर्षांच्या नमुन्यांमध्ये, लागणीच्या आधी आणि नंतर काय झालं ते बघतो. आमचा रिपोर्ट एका माणसाचा, एका सकाळचा, आजार सुरू झाल्यानंतरचा. जगातल्या साधारण ९५ टक्के मोठ्या माणसांच्या रक्तात ईबीव्हीच्या अँटिबॉडी असतात. आपल्याकडे तर बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो. ताप, जरासा घसा, नाहीतर काहीच नाही. युरोप-अमेरिकेत पुष्कळांना तो कॉलेजच्या वयात होतो, तेव्हा गाठी येतात, आठवडेच्या आठवडे अंथरूण धरावं लागतं, आणि असा दणकून आजार झालेल्यांना पुढे एमएसचा धोका जास्त दिसतो. ज्या देशात जवळपास प्रत्येक पोराला ईबीव्ही होतो त्या भारतात एमएस मात्र युरोपच्या मानानं कमी. मुंबईतल्या पारशी समाजात केलेल्या पाहणीत तो इतर भारतीयांपेक्षा जास्त आढळला. शहर एक, हवा एक, ईबीव्ही सगळ्यांनाच. म्हणजे व्हायरसशिवाय आणखी काहीतरी लागतं: प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए गटातली ठरावीक जनुकं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, सिगारेट, किशोरवयातला लठ्ठपणा. ईबीव्ही हवाच, पण तेवढा पुरत नाही.

म्हणून मी आईला म्हणाले, ‘आई, मला पण तूच भरवलंस. माझं रक्त काढलं तर माझ्याही रिपोर्टात हीच लाल अक्षरं येतील. शेजारच्या काकूंच्या, काउंटरवरच्या पोराच्या, कुणाच्याही.’ तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण रिपोर्ट तिनं माझ्या हातात दिला. पॉझिटिव्ह आलं तर काहीच कळत नाही, अशी तपासणी ‘मूळ कारण’ म्हणून विकणं मला मान्य नाही. आमच्या न्यूरोलॉजिस्टनी एक गोष्ट सांगितली ती लॅबनं सांगायला हवी होती: एमएसच्या संशयात ईबीव्ही निगेटिव्ह येणं हीच खरी बातमी, कारण मग निदानच पुन्हा तपासावं लागतं. असं क्वचित होतं. आणि तसा संशय असेल तर एनएमओ आणि एमओजी या दुसऱ्या आजारांच्या अँटिबॉडी तपासणं जास्त मोलाचं, कारण ते आजार दिसायला एमएससारखे असले तरी त्यांची औषधं वेगळी, आणि एमएसची काही औषधं त्यात उलटी पडतात.

बाकीच्या तपासण्यांवर फार शाई घालवत नाही. क्लॅमिडिया न्यूमोनिए १९९९ मध्ये अमेरिकेत व्हँडरबिल्टच्या संशोधकांना पेशंटच्या मणक्यातल्या पाण्यात सापडला होता. इतर लॅबना तो तसा सापडेना आणि विषय थंडावला. एचएचव्ही-६ बद्दल अजून प्रामाणिक काम चालू आहे, विशेषतः स्वीडनमध्ये, पण तिथेही ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात आणि आमच्या रिपोर्टात तसा फरक केलेलाच नाही. गोवराचं काय? एमएसमध्ये गोवर, रुबेला आणि कांजिण्या यांच्या अँटिबॉडी मेंदूच्या आत तयार होतात हे खरं आहे, आणि जर्मनीत निदानासाठी त्याचा उपयोगही करतात. पण त्यासाठी मणक्यातलं पाणी आणि रक्त दोन्ही शेजारी ठेवून गुणोत्तर काढतात. नुसत्या रक्तातला गोवर आयजीजी एवढंच सांगतो की लस टोचली होती किंवा गोवर येऊन गेला.

आता फोनवरचा सल्ला. बाई गोड बोलल्या, भावाला ‘सर’ म्हणत होत्या. त्यांनी काय सुचवलं? ‘व्हायरल लोड’ उतरवायला सहा महिन्यांचा अँटिव्हायरल कोर्स, आणि जोडीला इम्युनिटी वाढवणारं किट, दोन्ही त्यांच्याकडूनच कुरियरनं. मी स्पीकरवर ऐकत होते. व्हायरल लोड मोजलाच कुठे? अँटिबॉडी म्हणजे व्हायरसचं प्रमाण नव्हे. आणि अँटिव्हायरलची गोळी काय करते हे मी रोज नागिणीच्या पेशंटना समजावून देते: व्हायरस वाढत असतो तेव्हा ती त्याला अडवते. ईबीव्ही बी पेशींच्या, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, आत निजून राहतो, वर्षानुवर्षं, तिथे तिचं काही चालत नाही. स्वीडनमध्ये असायक्लोव्हिर एमएसमध्ये देऊन पाहिलं होतं, १९९६ साली निकाल आला. अटॅक काहीसे कमी दिसले, पण फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. ही औषधं प्रिस्क्रिप्शनशिवाय द्यायची नसतात, किडनी बघून डोस ठरवावा लागतो. कुरियरनं कसली पाठवताय? आणि ‘इम्युनिटी वाढवा’ हे कुणाला सांगताय, ज्याची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मायलिनवर, चेतातंतूंच्या आवरणावर, उठलीय त्याला? भाऊ दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅबचं सलाइन घेतो. ते औषध बी पेशी काढून टाकतं, म्हणजे नेमक्या त्याच पेशी जिथे ईबीव्ही बिऱ्हाड करून असतो. बी पेशींवरची औषधं एमएसमध्ये इतकी लागू पडतात, त्यात व्हायरसचाही हात असेल का, हा प्रश्न संशोधक आज गांभीर्यानं विचारताहेत. ईबीव्हीनं बाधित पेशी शोधून मारणाऱ्या टी पेशींचं एक औषधही तयार झालं होतं, अटारा कंपनीचं एटीए१८८. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत अपयशी ठरलं. ते वाचून मला वाईट वाटलं होतं, कारण भावानं त्याची बातमी कापून ठेवली होती. ईबीव्हीविरुद्धच्या लशींचं काम चालू आहे, मॉडर्नाचंही आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचंही. जगातले मोठे संशोधक जिथे अजून चाचपडताहेत तिथे सहा महिन्यांत इलाज करून देतो म्हणणाऱ्याला फोन ठेवायला सांगावं. मी सांगितलं.

हेच पैसे संसर्गाच्याच तपासण्यांवर घालायचे असतील तर डॉक्टरांना विचारून इथे घाला. रिटुक्सिमॅब किंवा ऑक्रेलिझुमॅब सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी: नुसती एचबीएसएजी (आत्ताची लागण दाखवणारी) नव्हे, कोअर अँटिबॉडीसुद्धा (जुनी लागणही दाखवणारी), कारण यकृतात दबून असलेला हिपॅटायटिस बी या औषधांनी उसळतो आणि जिवावर बेततं. दोन्ही मिळून या पॅकेजच्या किमतीच्या खूप आत होतात. टीबी दडलेला आहे का ते बघा; आपल्या राज्यात ही चैन नाही, गरज आहे. फिंगोलिमॉड किंवा क्लॅड्रिबिन घ्यायचं ठरत असेल तर कांजिण्यांच्या अँटिबॉडी, आणि नसतील तर लस आधी, औषध नंतर. नॅटालिझुमॅबचा विचार असेल तर जेसी व्हायरसचा अँटिबॉडी इंडेक्स, कारण पीएमएल नावाच्या मेंदूच्या संसर्गाचा धोका त्यावर आणि औषध किती काळ घेतलंय त्यावर ठरतो. या तपासण्यांच्या निकालावर औषध बदलतं. माझ्या काउंटरवर एमएसची चिठ्ठी घेऊन कुणी नवीन पेशंट आला की मी पहिलं हेच विचारते, ‘हिपॅटायटिसचं झालंय ना?’ आणि दर वेळी झालेलं असतंच असं नाही.

ज्यांनी हे पॅकेज आधीच घेतलंय त्यांनी रिपोर्ट फाडू नका, न्यूरोलॉजिस्टच्या फाइलला लावा. ईबीएनए वर आहे म्हणून आजार जास्त, खाली आला म्हणून औषध लागू पडलं, असं काही त्यातून काढू नका. घरातल्या लहान मुलांची ‘धोका कळावा’ म्हणून हीच तपासणी करून घ्या असं फोनवर सुचवतात, तेही करू नका. पॉझिटिव्ह यायचंच आहे, आणि आलं तर करायचं काय, याचं उत्तर आज कुठल्याच डॉक्टरकडे नाही.

रक्त घ्यायला येणाऱ्या मुलासाठी आणि वेळेवर रिपोर्ट देण्यासाठी पाचपैकी पाच. लॅबच्या मशीनसाठी पाच. पॅकेजला एक, तोही शून्य देता येत नाही म्हणून. मी लॅबला मेल करून कळवलं की अँटिबॉडीच्या रिपोर्टावर ‘एमएसचं संभाव्य कारण’ असा शेरा मारता येत नाही आणि तो काढा. त्यांच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा स्वतः फोन आला. त्यांनी वाद घातला नाही, शेरा मार्केटिंगच्या साच्यातून आल्याचं मान्य केलं आणि ‘पूर्वीच्या संसर्गाची खूण’ एवढंच लिहिलेला नवा रिपोर्ट पाठवला. फोनवरच्या सल्ल्याचे पैसे परत मागितले तर तो मोफत होता असं उत्तर आलं. पॅकेजच्या जाहिरातीत ‘मूळ कारण शोधा’ हे वाक्य मात्र मी हे लिहीपर्यंत तसंच आहे.